चांदव्याचं अंडं

थंडीच्या दिवसांत पहाटे नांदूरमधमेश्वरला गेलं की धुक्यातून सगळ्यात आधी दिसतात ते चांदवे. काळंकुळकुळीत अंग आणि चोचीपासून कपाळावर चढत गेलेला पांढराशुभ्र टिळा. कुणी त्यांना वारकरी म्हणतं. दाटीवाटीनं पाण्यावर पसरून पाणवनस्पती ओरबाडत त्यांचं खाणं चाललेलं असतं. भित्रा, साधा, कुणाच्या फारसा नजरेत न भरणारा पक्षी. पण पाणथळ जागेचं पाणी कसं आहे हे ज्यांना जाणून घ्यायचं असतं, त्यांच्यासाठी त्याच्याइतका खरा साक्षीदार नाही. कारण तो त्या पाण्यातलं खातो, त्याच पाण्यावर घरटं बांधतो आणि जे खाल्लं ते अंड्यात उतरवतो.

१८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाला गंधकाच्या आम्लाच्या कारखान्यातल्या गाळात एक नवं मूलद्रव्य सापडलं. टेल्युरियम या मिळत्याजुळत्या मूलद्रव्याला पृथ्वीचं नाव आधीच मिळालं होतं, म्हणून बर्झेलियसनं याला ग्रीकांच्या चंद्रदेवतेचं, सेलेनेचं नाव दिलं: सेलेनियम. चंद्राच्या नावाचं हे मूलद्रव्य आणि कपाळी चंद्र घेतलेला पक्षी यांची गाठ पडली ती १९८३ च्या वसंतात, कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन नावाच्या तळ्यांवर.

तिथं अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेचे शास्त्रज्ञ हॅरी ओलेन्डॉर्फ आणि त्यांचे सहकारी घरटी तपासत होते. चांदवे, टिबुकल्या, बदकं आणि आपल्या शेकाट्याचाच अमेरिकन भाऊबंद. अंड्याचं बोथट टोक कात्रीनं कापायचं, कवच अलगद उचलायचं आणि आतला जीव बशीत घ्यायचा, असं ते काम असतं. फुटायला आलेल्या निरोगी अंड्यात ओलसर काळं लवचिक पिल्लू मिळतं, चोच पंखाखाली खुपसलेली. इथं जी पिल्लं निघाली त्यातल्या कित्येकांना डोळे नव्हते. काहींची चोच वाकडी किंवा अर्धवट, काहींचे पाय खुंटलेले, पंख जेमतेम फुटलेले, काहींचा मेंदू कवटीच्या बाहेर आलेला. त्या वर्षी अभ्यासलेल्या ३४७ घरट्यांपैकी सुमारे ४० टक्के घरट्यांत निदान एक तरी पिल्लू अंड्यातच मेलेलं होतं. सुमारे २० टक्क्यांत निदान एक तरी उघड व्यंग असलेलं होतं. आणि केस्टरसन हे पक्ष्यांसाठी राखलेलं राष्ट्रीय अभयारण्य होतं.

हे कसं झालं ते समजून घ्यायला आधी शेतात जावं लागेल. आणि ते शेत आपल्याला अनोळखी नाही.

शिरोळ, मिरज, वाळवा या भागांत उसाच्या पट्ट्यात फिरलं की अधूनमधून पांढरी पडलेली रानं दिसतात. पहाटेच्या दवात माती चिकट लागते, आणि ऊन चढलं की तिच्यावर मिठाची पापडी धरते. शेतकरी म्हणतो, रानाला मीठ फुटलंय. वर्षानुवर्षं पाणी भरभरून दिलं, निचरा झाला नाही, भूजल वर चढलं, त्यातलं पाणी उडून गेलं आणि क्षार तेवढे मुळाशी उरले. यावर आता तिथं भूमिगत निचऱ्याचा उपाय करतात. जमिनीखाली चार-सहा फुटांवर भोकं पाडलेले पाइप टाकायचे, खारं पाणी त्यांत उतरवायचं आणि ओढ्याला नेऊन सोडायचं. पीक पुन्हा उभं राहतं. उपाय बरोबर आहे आणि शेतकऱ्याला त्याची गरजही आहे. प्रश्न उरतो तो पाइपाच्या दुसऱ्या तोंडाशी: ते पाणी कुठं जातं, आणि त्यात मिठाखेरीज आणखी काय काय असतं?

कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिम अंगाला हेच घडलं. तिथं पाऊस कमी, जमीन सपाट आणि खाली चिकणमातीचे थर. सरकारी कालव्यांनी उत्तरेकडचं पाणी आणलं, शेती फुलली आणि मीठ फुटलं. फरक एवढाच की त्या जमिनीची माती जवळच्या कोस्ट रेंज डोंगरांतून वाहून आलेली. ते डोंगर एके काळी समुद्राचा तळ होते. समुद्रतळाच्या गाळापासून झालेल्या शेल नावाच्या पापुद्र्यांच्या दगडात सेलेनियम साठून राहतं. आपला दख्खनचा काळा पाषाण ज्वालामुखीचा, त्याची जातच वेगळी. डोंगर झिजले, ओढ्यांनी पंख्यासारखी माती पसरली आणि तिच्यात सेलेनियम निजून राहिलं. कोरड्या मातीत ते कुणाला त्रास देत नव्हतं. कालव्याच्या पाण्यानं त्याला जागं केलं. हवा लागलेल्या मातीत सेलेनियमचं सेलेनेट होतं, आणि सेलेनेट पाण्यात मिठासारखं विरघळतं.

सेलेनियमला सरसकट विष म्हणता येणार नाही. माणसाला ते रोज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम लागतं, ४०० च्या वर जायला नको असं आहारतज्ज्ञ सांगतात. गरज आणि अपाय यांत जेमतेम सात पटींचं अंतर. त्याच सॅन वाकीन खोऱ्याच्या पूर्वेला ग्रॅनाइटच्या मातीत सेलेनियम इतकं कमी की तिथल्या वासरांचे स्नायू कमतरतेनं पांढरे पडून जातात. एकाच खोऱ्याच्या एका काठाला उणीव आणि दुसऱ्या काठाला अतिरेक.

अतिरेक काय करतो हे आपणही अलीकडे पाहिलं. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात अनेक गावांतली माणसं केस गळून टकली होऊ लागली. मागाहून काहींची नखंही गेली. विंचूदंशावरच्या कामासाठी सगळ्यांना माहीत असलेल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी तिथल्या गव्हाचे नमुने तपासून घेतले, तर त्यांत सेलेनियमचं प्रमाण फार मोठं निघालं. असा गहू कुठल्या मातीत पिकतो याचा मागही काढता येतो. पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या पट्ट्यात शिवालिकच्या पायथ्याशी सेलेनियमनं भरलेली जमीन आहे. तिथं जनावरांचे खूर सुटतात, केस झडतात. पंजाब कृषी विद्यापीठानं या जमिनीचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे.

केस, नखं, खूर, पिसं यांवरच घाला का पडतो? कारण हे सगळं गंधकाच्या आधारानं घट्ट विणलेलं असतं. सेलेनियम म्हणजे आवर्तसारणीत गंधकाच्या बरोबर खालच्या घरात राहणारा शेजारी. दोघं इतके सारखे की वनस्पतींना आणि सूक्ष्मजीवांना त्यांच्यातला भेद नीट करता येत नाही. ज्या अमिनो आम्लात गंधक बसायचा तिथं सेलेनियम बसतो, आणि तयार होतं सेलेनोमेथिओनिन. प्रथिनात ते गुपचूप शिरतं. पक्षीण अंडं घडवते ते प्रथिनांचंच, त्यामुळं ते थेट अंड्यात उतरतं. आईला बहुतेक वेळा फारसं काही होत नाही. ती उडते, खाते, अंडी उबवते. घाला पडतो तो अजून घडत असलेल्या जिवावर.

आता केस्टरसनकडे परत येऊ. सॅन लुईस ड्रेन नावाचा सिमेंटचा कालवा बांधायला १९६८ मध्ये सुरुवात झाली. शेतातलं निचऱ्याचं पाणी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या वरच्या त्रिभुज प्रदेशात नेऊन सोडायचं, असा बेत होता. पण खाडीकाठच्या लोकांनी विरोध केला, पैसेही आटले, आणि १९७५ साली सुमारे १३७ किलोमीटरवर कालवा अर्ध्यातच थांबला. जिथं थांबला तिथं १२ उथळ तळी होती. तीच केस्टरसन. या खोऱ्यातली मूळची दलदल शेतीखाली जवळजवळ सगळी गेलेली होती. उत्तरेकडून स्थलांतर करून येणाऱ्या लाखो पक्ष्यांना उतरायला जागा उरली नव्हती. तेव्हा शेताचं सांडपाणी तळ्यांत साठवलं तर पक्ष्यांनाही पाणी मिळेल, असा हिशेब मांडला गेला. मला या हिशेबाचं फार वाईट वाटतं, कारण त्यात वाईट हेतू नव्हता. पक्ष्यांवर माया असलेल्या माणसांनाही तो पटला होता.

१९७८ पासून निचऱ्याचं पाणी यायला लागलं. १९८१ येईतो तळ्यांत येणारं सगळं पाणी निचऱ्याचंच झालं होतं. पाण्यात लिटरला सुमारे ३०० मायक्रोग्रॅम सेलेनियम होतं. १९८२ पर्यंत तळ्यांतले मासे नाहीसे झाले. उरला एक गंबुसिया, आपल्याकडे हिवतापाच्या बंदोबस्तासाठी विहिरीत-हौदात सोडतात तोच चिवट डासमासा. त्याच्या अंगातलं सेलेनियम शेजारच्या स्वच्छ पाण्यातल्या गंबुसियाच्या सुमारे शंभर पट निघालं.

इथं मला जरा थांबायचं आहे, कारण या गोष्टीचा गाभा इथं आहे. पाण्यात एवढंसं, मग माशात एवढं कसं? पहिली आणि सगळ्यात मोठी उडी शेवाळ आणि जिवाणू घेतात. ते पाण्यातून सेलेनियम ओढतात आणि स्वतःच्या अंगात शेकडो-हजारो पटींनी साठवतात. त्यांना खाणाऱ्या अळ्या, किडे, गोगलगायी आणखी थोडं वाढवतात. मग मासा, मग पक्षी, मग अंडं. साठलेल्या पाण्यात हे फार जोमानं घडतं. वाहत्या नदीत पाणी पुढं निघून जातं. तळ्यात ते थांबतं, शेवाळ वाढतं, मरून तळाशी जातं, चिखलात मुरतं, आणि चिखलातले किडे ते पुन्हा वर आणतात. म्हणून नदीकाठची पाणथळ जागा नदीपेक्षाही नाजूक. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०१६ साली माशांच्या रक्षणासाठी मर्यादा ठरवल्या त्यात हा फरक स्पष्ट दिसतो: वाहत्या पाण्यात लिटरला ३.१ मायक्रोग्रॅम, साठलेल्या पाण्यात १.५, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दीड मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरचे ६७ टँकर भरून घ्या आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाका. केस्टरसनचं पाणी याच्या २०० पट होतं.

त्याच नियमातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पाण्याचा आकडा आणि माशाच्या गाभोळीचा आकडा यांत भांडण लागलं, तर गाभोळीचा आकडा खरा धरायचा. माशाच्या अंड्यांत किंवा अंडाशयात सुक्या वजनाच्या किलोमागे १५.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सेलेनियम नको. युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या गिल्बर्ट बेसाठी तर मर्यादाच पक्ष्याच्या अंड्यावर ठरवली आहे, किलोला १२.५ मिलिग्रॅम. पाण्याची बाटली त्या दिवसाचं सांगते. अंडं मात्र आईनं गेले दोन-तीन आठवडे काय खाल्लं ते सांगतं. पुढं जेवढे उपाय पाहू, ते सगळे या एका कसोटीवर घासून पाहायचे: पाणी किती स्वच्छ झालं यावर न थांबता, अंडं किती स्वच्छ झालं ते विचारायचं.

केस्टरसन बंद झालं ते शेजारच्या जमीनमालकांच्या तक्रारींमुळं, वर्तमानपत्रांमुळं आणि आपल्याच खात्यात निष्कर्ष लावून धरणाऱ्या फेलिक्स स्मिथसारख्या शास्त्रज्ञांमुळं. फेब्रुवारी १९८५ मध्ये राज्याच्या जलनियंत्रण मंडळानं तळी साफ करण्याचा आदेश दिला, मार्चमध्ये केंद्राच्या अंतर्गत व्यवहार खात्यानं बंद करण्याची घोषणा केली, आणि १९८६ च्या मध्यापर्यंत शेतातले पाइप बुजवले गेले. मधल्या काळात पक्ष्यांनी तिथं उतरू नये म्हणून तोफांचे बार काढून त्यांना हाकललं जात होतं. अभयारण्यातून पक्षी हुसकायची वेळ आली होती. १९८८ मध्ये खोलगट जागांवर माती भरून तळ्यांचं माळरान केलं.

पण पाइप बुजवल्यानं शेतातलं मीठ थांबत नाही. मग उपाय कोणते?

पहिला आणि सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे पाणथळीपर्यंत सेलेनियम पोचूच न देणं. केस्टरसनच्या शेजारचे ग्रासलँड भागातले शेतकरी आपलं निचऱ्याचं पाणी पाणथळींतून जाणाऱ्या चरांमधूनच नदीकडे पाठवत होते. १९९६ साली त्यांनी जुन्या सॅन लुईस ड्रेनचाच सुमारे ४५ किलोमीटरचा तुकडा वापरून ते पाणी पाणथळी टाळून थेट मड स्लू या ओढ्यात आणि पुढं नदीत नेलं. एवढ्यावर थांबले असते तर दुखणं फक्त सरकलं असतं. पण सोबत अट होती: महिन्याला आणि वर्षाला किती सेलेनियम जाईल याची मर्यादा, ती दरवर्षी कडक होत जाणार, ओलांडली तर दंड. दंड नको म्हणून शेतात पाणी मोजून द्यायला सुरुवात झाली. सऱ्या आखूड झाल्या, ठिबक आलं, निचऱ्याचं पाणी पुन्हा सिंचनात मिसळलं गेलं. उरलेलं खारं पाणी हजारो एकरांच्या खास रानावर फिरवलं, जिथं मीठ सोसणारं गवत, लसूणघास आणि पिस्ता लावला होता. नदीत जाणारं सेलेनियम दहा हिश्श्यांतले नऊ हिस्से कमी झालं. केस्टरसनचा शाप वाटणारा कालवाच या कामी आला.

त्या खास रानांतही एक धोका आहे. पाणी कुठं चार दिवस साचलं की शेकाटे येतात. त्यांना पाऊलभर पाणी आणि थोडी उघडी माती दिसली की पुरे, घरटं मांडतात. म्हणून उघडे चर झाकायचे, पाणी पाइपातून न्यायचं, डबकी होऊ द्यायची नाहीत. दक्षिणेकडे टुलारे भागात निचऱ्याचं पाणी उन्हात आटवण्याची तळी आहेत. तिथं हीच गोष्ट उलट बाजूनं साधली: तळ्यांचे काठ उभे केले, मधली बेटं काढली, पाणी खोल ठेवलं, म्हणजे चालणाऱ्या पक्ष्याला पाय टेकायला जागाच नाही. आणि जवळच स्वच्छ पाण्याची उथळ, मऊ काठांची तळी करून दिली. पक्ष्याच्या अंगातून सेलेनियम काही आठवड्यांत निघून जातं. अंडी घालायच्या दिवसांत त्याला चांगलं खाणं मिळालं, तर अंडं वाचतं.

मोहरीची गोष्टही सांगायला हवी. मोहरीचा झणका गंधकाचा असतो. मातीतून गंधक ओढण्यात हे झाड पटाईत, आणि सेलेनियम गंधकाचाच भाऊ. कॅलिफोर्नियात गॅरी बान्युएलोस यांनी कित्येक वर्षं मोहरीवर्गातली पिकं आणि निवडुंग अशा जमिनीत लावून पाहिले. झाडं सेलेनियम ओढतात, काही भाग वायुरूपानं हवेत सोडतात. काम धिमं आहे, पण जमीन पिकती ठेवून होतं.

कृत्रिम पाणथळीत पाणी गाळण्याची कल्पना मात्र जपूनच घ्यावी. सॅन फ्रान्सिस्को खाडीकाठी रिचमंडच्या तेलशुद्धीकरण कारखान्यानं सांडपाणी दलदलीतून सोडलं, तेव्हा पाण्यातलं सुमारे ८९ टक्के सेलेनियम तिथंच अडकलं. पाण्याचा आकडा पाहिला तर कौतुकच करावं. पण अडकलं म्हणजे चिखलात आणि शेवाळात, आणि तिथं शेकाटे चरत होते. अंडं विचारलं की उत्तर बदलतं.

आणि जी पाणथळ आधीच भरलेली आहे, तिचं काय? केस्टरसननंतर अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्यानं पश्चिमेकडच्या २६ सिंचन क्षेत्रांत असंच काही घडतंय का ते तपासलं. त्यात युटामधलं, ग्रीन नदीकाठचं स्टुअर्ट लेक निघालं. बदकांसाठी राखलेलं हे तळं. त्यात मॅन्कोस शेलवरच्या शेतांचे निचरे येऊन पडत होते. इथं तळं बुजवणं परवडणारं नव्हतं, कारण रेझरबॅक सकर हा नामशेष व्हायला टेकलेला मासा याच पूरमैदानातल्या तळ्यांवर जगतो. पाठीवर कुऱ्हाडीच्या पात्यासारखी धार, चाळीस वर्षांहून जास्त आयुष्य. नदीत त्याची अंडी फुटतात, आणि पारदर्शक, दोऱ्याएवढी पिल्लं पुराबरोबर उथळ ऊबदार तळ्यांत वाहत येतात. तिथं खाऊन मोठी झाली तर जगतात. नदीवरच्या धरणानं पूर आवळला आणि तळ्यात सेलेनियम साठलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाट बंद.

आधी निचऱ्याचे पाइप पुढं वाढवून तळं टाळून नदीपर्यंत नेले. मग दर वसंतात नदीचं पुराचं पाणी तळ्यात घ्यायचं, मुरू द्यायचं, आणि उघडून सोडून द्यायचं, असं वर्षानुवर्षं केलं. तळ कोरडा पडला की चिखलातल्या सेलेनियमला हवा लागते, ते पुन्हा विरघळतं, आणि पुढच्या पुरात धुऊन जातं. नदीवर त्याचा भार पडतोच, पण पुराच्या मोठ्या पाण्यात तो विरतो. याला दुसरा सोपा मार्ग मला तरी दिसत नाही.

२०१२ पासून वरच्या फ्लेमिंग गॉर्ज धरणातलं वसंतातलं पाणी सोडायची वेळ बदलली. आता जीवशास्त्रज्ञ रात्री नदीत दिव्याचे सापळे लावून बसतात. पहिलं रेझरबॅक पिल्लू उजेडाकडे आलं की धरणाला निरोप जातो आणि पूर सुटतो. तळ्याच्या तोंडाशी जाळी असते: दोऱ्याएवढी पिल्लं आत, मोठे परके खादाड मासे बाहेर. उन्हाळाभर दार बंद. मग शरदाच्या आधी एके दिवशी दार उचलतात आणि पाणी हळूहळू नदीकडे निघतं. तोंडाशी माणसं घोट्याभर चिखलात उभी राहून एक एक मासा हातात घेऊन पाहतात. २०१३ साली त्यात बोटाएवढे रेझरबॅक निघाले, नदीत आपणहून जन्मलेले. पुढच्या वर्षीही निघाले. ते मोजून, मापून, ग्रीन नदीच्या गढूळ पाण्यात सोडून दिले.